मणक्यातली गॅप

ऊर्मिलाच्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं, आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. तरीही रविवारी सकाळी तिच्या सासूबाईंनी, प्रभाताईंनी, सोफ्यावरच्या दोन उशा उचलल्या, जेवणाच्या टेबलापाशी उंच पाठीची खुर्ची ओढली आणि तिला उशा नीट लावून घेतल्या. दुपारी धाकट्या सिद्धांतच्या लग्नाचं ठरवायला र्युसेल्सहाइमची मंडळी यायची होती. पाहुणे येणार म्हटलं की या घरात आधी ऊर्मिलाची खुर्ची मांडली जाई, मग ताटं.

हे दुखणं जन्माला आलं ते पुण्यात, फोनवर. सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला, ऊर्मिलाची आधी झोप गेली, मग भूक गेली, आणि एके दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून ती आतच बसून राहिली ती अंधार पडेपर्यंत. तिचा नवरा गौरांग तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेला आणि क्लिनिकनं तिला ठेवून घेतलं. मानसोपचाराच्या वॉर्डात, जवळजवळ तीन महिने. त्याच सुमारास नाशिकहून वन्संचा पुण्यात प्रभाताईंना फोन आला, की तुमची सून फोन का उचलत नाही. प्रभाताईंचे हात कणकेत होते. ठरवून खोटं बोलण्याइतका वेळच नव्हता. तोंडाला येईल ते त्या बोलून गेल्या, "अहो वन्सं, तिच्या मणक्यात गॅप निघालीय."

आता तुम्ही म्हणाल, नंतर सावकाश खरं सांगायचं होतं की. सांगून बघा. वन्संनी आठवडाभरात महानारायण तेल धाडलं. एका मावशीनं केरळहून कसलंसं तेल मागवलं, ज्याला गुरांच्या गोठ्याचा वास येई. कुणी पट्टा दिला, कुणी भुजंगासनाचे व्हिडिओ. दर भारतवारीला बॅगेत तेल वाढत गेलं, आणि घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, त्या बाटल्यांनी एक अख्खं कपाट भरलं. ज्यांनी एवढ्या मायेनं तेल दिलं त्यांना आता पाठ ठणठणीत होती असं कुठल्या तोंडानं सांगणार?

सगळ्यात वाईट म्हणजे नमस्कार. लग्नकार्यात ऊर्मिला कुणाच्या पाया पडायला पुढे झाली की चारजणी धावत येऊन तिचे दंड धरत. वाकू नको गं बाई, पाठ. मग ती उभ्याउभ्याच हात जोडी आणि आशीर्वादही तिला उभ्याउभ्याच मिळे. सहा वर्षांत ती कुणापुढे वाकली नव्हती. नात्यातल्या काही बायकांना तर याचा हेवाच वाटे.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना ऊर्मिलानं ही नोकरी मिळवून ठेवली.

नोकरीचं जर्मन नाव इतकं लांबलचक होतं, की प्रभाताईंनी ते म्हणायचा नाद पहिल्याच दिवशी सोडला. मराठीत सांगायचं तर सोबतीण. जी या आजारातून स्वतः गेली आहे आणि बाहेर आली आहे, ती आता आत असलेल्यांच्या सोबतीला बसते. त्याचा रीतसर वर्षभराचा कोर्स असतो, आणि त्याला प्रवेश मिळायची पहिली अट म्हणजे तुम्ही कधीतरी आजारी असायला हवं. क्लिनिकनं असं माणूस पहिल्यांदाच घ्यायचं ठरवलं होतं, वॉर्डही तोच होता, आणि ऊर्मिला सोमवारी, म्हणजे उद्या, रुजू होणार होती.

आदल्या दिवशी, शनिवारी, चहाच्या वेळी सासऱ्यांनी, जयंतरावांनी, हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते पुण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीचे प्रमुख म्हणून निवृत्त होऊन प्रभाताईंसह इथे मुलाकडे राहायला आलेले. नापास करण्यात उभी हयात गेली होती.

"म्हणजे एखादी गाडी बिघडली होती, म्हणून तिला गॅरेजात मेकॅनिक म्हणून ठेवायचं?" ते म्हणाले.

ऊर्मिलाला हसू आलं, कारण उदाहरण चांगलं होतं. ती म्हणाली, "मेकॅनिक तिथे पुष्कळ आहेत, बाबा. गाडी बंद पडल्यावर आत बसलेल्याला कसं वाटतं, ते सांगणारं कुणी नाही."

मग तिनं ट्रेनिंगमधल्या गमती सांगितल्या. पहिले काही दिवस डॉक्टर तिच्याशी इतकं हळू आवाजात बोलायचे, की तिला अर्धं ऐकूच यायचं नाही. तिला मीटिंगमध्ये बसवायचं कुठे यावर आधी एक वेगळी मीटिंग झाली होती. आणि खऱ्या मीटिंगमध्ये तिनं पहिला प्रश्न विचारला होता तो कॉफीचा. पेशंटना कॅफिन काढून टाकलेली कॉफी मिळते आणि स्टाफला खरी, हे तिला आत असल्यापासून माहीत होतं. पेशंटना निदान सकाळी तरी खरी कॉफी का नको, असं तिनं विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कारण कुणालाच आठवेना. त्या दिवसापासून सकाळी खरी कॉफी मिळू लागली आणि नाश्त्याला उठणाऱ्यांची संख्या वाढली. मोठ्या डॉक्टरांनी याला काहीतरी भारदस्त नाव देऊन अहवालात घातलं.

"आणि सोमवारी मला दाराची किल्ली मिळणार," ती म्हणाली. ट्रेनिंगमध्ये तिला बेल वाजवून थांबावं लागे. त्याआधी तर, आत असताना, तिनं त्या दारापाशी उभं राहून कितीदा उघडा म्हणून विनवलं होतं.

पण जयंतरावांनी आपला निर्णय दिलाच. धाकट्याचं, सिद्धांतचं, लग्न ठरतंय. थोरल्या सुनेचं डोकं फिरलं होतं हे समोरच्यांना कळलं, तर ते कशाला मुलगी देतील? तेव्हा तिनं क्लिनिकला मेल करून महिनाभर थांबायला सांगावं. साखरपुडा झाला की मग बघता येईल. प्रभाताईंनी मान डोलावली. ऊर्मिलानं गौरांगकडे पाहिलं. गौरांग म्हणाला, "बघू."

गौरांगचं "बघू" या घरात प्रसिद्ध होतं. घर घेताना बघू, गाडी घेताना बघू. ऊर्मिलाला त्याचा राग आला, आणि वाईटही वाटलं. ती म्हणाली, की उद्या पाहुण्यांसमोर ती गप्प बसेल, कुणाला काही सांगणार नाही, पण मेलचं तिला वचन देता येणार नाही. त्यावर सगळे उठले, कारण श्रीखंडासाठी, चक्क्याऐवजी इथे वापरतात तो क्वार्क टांगायचा राहिला होता.

*

र्युसेल्सहाइमची मंडळी वेळेवर आली. मुलगी स्वानंदी, तिची आई संध्याताई आणि वडील गुरुदत्त. पोरांनी सगळं ठरवलेलंच होतं. थोरांनी आता ठरवल्यासारखं करायचं होतं. दारातच प्रभाताईंना दिसला तो गुरुदत्तांच्या शर्टावरून आवळलेला, चांगला वीतभर रुंद, कमरेचा पट्टा.

"यांच्या मणक्यात गॅप निघालीय," संध्याताईंनी बूट काढता काढताच सांगून टाकलं. "दोन महिने रजेवरच आहेत."

प्रभाताईंचा चेहरा असा उजळला, की कुणाला वाटावं व्याह्यांच्या दुखण्याचा त्यांना आनंद झाला. झालाच होता. सहा वर्षं ज्या विषयाला त्या घाबरत आल्या होत्या, तो आज स्वतःच्या पायांनी चालत घरी आला होता, वर पट्टा बांधून. त्यांनी ताबडतोब दुसरी उंच खुर्ची मागवली, उशा वाटून घातल्या आणि गुरुदत्त व ऊर्मिला यांना शेजारी शेजारी बसवलं. आमच्या ऊर्मिलालाही अगदी हेच, असं त्या म्हणाल्या. मग सिद्धांतला केलरमध्ये पिटाळून तेलं वर आणवली.

त्यानंतर दोघी विहिणींचं जे जमलं ते विचारू नका. संध्याताईंनी विचारलं कितव्या मणक्यात. प्रभाताई म्हणाल्या, चौथ्या-पाचव्यात. संध्याताई म्हणाल्या, यांचंही चौथ्या-पाचव्यातच. थंडीत वाढतं का? वाढतं. गादी बदलली का? बदलली. जयंतरावांना खरं काय ते माहीत होतं, पण भार आणि मणका म्हटल्यावर त्यांच्यातल्या इंजिनियरला राहवेना. सस्पेन्शनचं उदाहरण घेऊन त्यांनी माणसाच्या पाठीची रचनाच कशी चुकीची आहे ते समजावून सांगितलं. सिद्धांत आणि स्वानंदी मात्र ताटात तोंड घालून अळूवडी खात होते, आणि दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळत होते.

ऊर्मिला पाहत होती गुरुदत्तांकडे. दारात त्यांनी बुटांच्या नाड्या खाली वाकून सोडल्या होत्या, हूं की चूं न करता. टेबलाखाली पडलेला चमचा त्यांनी सहज उचलला होता. पण ग्लास मात्र ते दोन्ही हातांनी धरत होते. सगळे हसले की ते क्षणभर उशिरा हसत. ताटातला घास त्यांनी तिसऱ्यांदा उचलून खाली ठेवला, आणि प्रभाताई वाढत होत्या, घ्या हो, एवढ्याशानं काय होतं.

तिला ते ताट ओळखीचं वाटलं. असंच ताट तिच्यापुढेही असायचं, आणि सगळे असंच घ्या घ्या म्हणायचे, आणि तिला वाटायचं की आपल्याला साधं जेवतासुद्धा येत नाही.

जयंतराव सस्पेन्शनवरून ब्रेककडे वळले तेव्हा गुरुदत्त तिच्याकडे किंचित झुकले.

"ऊर्मिलाताई, एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "बरं होतं का हो हे? म्हणजे, पुन्हा कामावर जाता येतं का माणसाला?"

तेलानं बरं होतं, असं सांगून सुटता आलं असतं. तिनं शब्द दिला होता, आणि समोर दिराचं लग्न होतं. तिनं गुरुदत्तांच्या डोळ्यांत पाहिलं. ते उत्तराची वाट पाहत होते, अगदी खरोखरीची. या माणसाला आपण आज तेलाची बाटली देऊन परत पाठवलं, तर उद्या त्या वॉर्डात कुठल्या तोंडानं जायचं, असं तिच्या मनात आलं.

"माझी पाठ कधीच दुखली नव्हती, काका," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. "मी इथल्या क्लिनिकमध्ये तीन महिने होते. मानसोपचाराच्या वॉर्डात. मला ऑफिसच्या पार्किंगमधून उठताच येत नव्हतं. आणि हो, बरं होतं. वेळ लागतो, पण होतं."

प्रभाताईंच्या हातात श्रीखंडाचा डाव होता, तो हवेतच राहिला. झालं, त्यांना वाटलं, मोडलं लग्न. संध्याताईंचा चेहरा पांढरा पडला होता.

आणि तेवढ्यात खर्रर्र असा मोठा आवाज झाला. गुरुदत्तांनी पट्ट्याचं वेल्क्रो ओढलं होतं. पट्टा सोडून त्यांनी तो टेबलावर ठेवला, लोणच्याच्या बाटलीशेजारी.

"माझीही नाही," ते म्हणाले. "तुम्ही पार्किंगमध्ये बसायचात. मी ऑफिसच्या जिन्यात बसायचो. लिफ्ट असल्यावर जिन्यात कुणी येत नाही."

*

पहिलं भान आलं ते प्रभाताईंना, आणि तेही चुकीच्या गोष्टीचं. त्या संध्याताईंकडे वळून म्हणाल्या, "पण तुम्ही तर चौथ्या-पाचव्यात म्हणालात."

"तुमच्या सूनबाईंच्या मणक्यात होती तेवढीच आहे," संध्याताई म्हणाल्या.

फसवलंत म्हणावं, तर दुसरीनंही तेच म्हणायचं. तेवढ्यात स्वानंदीनं डिश बाजूला सरकवली आणि सांगितलं, की तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं, सिद्धांतनं पहिल्याच कॉफीला वहिनींचं सांगितलं होतं. आणि तिनं बाबांचं त्याला. "आल्झो, म्हणजे, आम्ही वाटच बघत होतो," सिद्धांत म्हणाला, "तुमच्यातलं आधी कोण बोलतंय याची."

एका क्षणात दोघी विहिणी एका बाजूला झाल्या. आम्ही इथे मणके मोजतोय आणि ही पोरं मजा बघत बसलीयत, असं प्रभाताई म्हणाल्या. संध्याताईंनी त्यांना पूर्ण दुजोरा दिला. र्युसेल्सहाइमपासून संपूर्ण रस्ताभर तो पट्टा कसा वरून दिसेल असा बांधायचा याची चर्चा झाली होती, आणि मागच्या सीटवर ही मुलगी कानात गाणी घालून गप्प बसली होती.

या गोंधळात ऊर्मिलानं गुरुदत्तांच्या ताटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "नको असेल तर राहू द्या, काका. संपवायलाच पाहिजे असं काही नाही."

प्रभाताईंनी हे ऐकलं. त्यांच्या आयुष्यात पाहुण्याच्या ताटात त्यांच्यादेखत अन्न राहिलं नव्हतं. त्यांनी गुरुदत्तांकडे पाहिलं, हातातल्या डावाकडे पाहिलं, आणि डाव परत पातेल्यात ठेवला. गुरुदत्तांनी सुस्कारा सोडला. मग थोड्या वेळानं, कुणी काही न म्हणता, त्यांनी अळूवडीचा एक तुकडा उचलून खाल्ला.

"आता तुम्ही काय करता?" त्यांनी ऊर्मिलाला विचारलं.

तिनं सांगितलं. गुरुदत्त ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, की तीन डॉक्टरांनी त्यांना हा आजार नीट समजावून सांगितला होता, एकानं तर चित्र काढून. "पण त्यांच्यातलं कुणी जिन्यात बसलेलं नव्हतं. आमच्या तिकडे असं कुणी असतं का हो?"

"असतं. नसलं तर शोधू. मी उद्याच विचारते."

जयंतराव खाकरले. समोरचं सगळं फिसकटत चाललंय की जमत चाललंय, याचा त्यांना अंदाज येईना, म्हणून त्यांनी आपलं कालचंच धरून ठेवलं. उद्याचं तसं नक्की नाही, ते म्हणाले, घरातलं कार्य पार पडेपर्यंत ती जरा थांबणार होती.

आणि मग गौरांग बोलला.

"सहा वर्षं," तो म्हणाला, "सहा वर्षं पाण्याचे क्रेट मी एकटा उचलतोय."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. तोही जरा दचकला, पण आता त्याला थांबता येईना. पाण्याचे क्रेट, विमानतळावरच्या बॅगा, वाणसामान, सगळं त्यानं एकट्यानं उचललं होतं, कारण इथल्या मराठी मंडळाचं कुणी ना कुणी कायम बघत असे, आणि ऊर्मिलाची पाठ. मंडळाच्या गणपतीला तर ती आरतीचं ताट उचलायला गेली, तेव्हा सात माणसं धावली. ती बरी झाली, कोर्स केला, परीक्षा दिली, आणि घरात अजून तिच्या उशाच लावतायत. "मला कंटाळा आलाय, बाबा. आणि काल मी बघू म्हणालो याची लाज वाटतेय. उद्या ती जाणार आहे. मी सोडायला जाणार आहे."

गौरांगला एवढं बोलताना प्रभाताईंनी त्याच्या लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. ऊर्मिलानं टेबलाखालून त्याचा हात धरला आणि घट्ट दाबला. जयंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग ती मेल?" त्यांनी विचारलं.

"लिहिलीच नव्हती, बाबा."

जयंतरावांनी तो पट्टा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, की गॅरेजचं उदाहरण त्यांनी परत घेतलं आहे. ते कुठलं उदाहरण, हे पाहुण्यांना कळलं नाही, पण घरच्यांना कळलं. पासचा शिक्का जयंतराव एवढाच मारत असत.

लग्न मोडलं नाही हे वेगळं सांगायला नको. मोडणार तरी कुणी? दोन्ही पक्ष सारखेच खोटे निघाले होते. साखरपुड्याचा महिना ठरला, हातावर साखर दिली गेली, आणि गुरुदत्तांनी श्रीखंड मागून घेतलं, चमचाभरच, पण मागून.

निघायच्या वेळी संध्याताई तेलाच्या बाटल्यांपाशी घुटमळल्या. त्या म्हणाल्या, यातली एखादी नेली तर चालेल का. प्रभाताईंना वाटलं त्या थट्टा करतायत. पण संध्याताईंचा चेहरा तसा नव्हता. हे घरी बसल्यापासून सगळं त्यांच्यावरच आलं होतं, बाजार, कामं, बँक, यांना धरून अंघोळीला पाठवणं. आणि लोकांना नवऱ्याच्या पाठीचं सांगता सांगता स्वतःची सांगायची राहूनच गेली होती.

"माझी मात्र खरंच दुखते हो, प्रभाताई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

प्रभाताईंनी अख्खं कपाट रिकामं केलं. गोठ्याच्या वासाचं तेलसुद्धा दिलं, गुण त्यालाच जास्त येतो असं सांगून. खोके उचलायला सिद्धांत पुढे झाला, तर एक खोका ऊर्मिलानं आधीच उचलला होता. तो घेऊन ती ताठ चालत गाडीपर्यंत गेली. समोरच्या फ्लॅटमधल्या, मंडळाच्याच, देशपांडेबाई खिडकीतून बघत होत्या. गौरांगनं त्यांना खुशाल हात केला.

मंडळी गेली. ऊर्मिला वर आली तेव्हा प्रभाताई उशा परत सोफ्यावर ठेवत होत्या. ऊर्मिला त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. उद्यापासून नवीन काम, नमस्कार करते, असं म्हणाली आणि खाली वाकली.

"अगं वाकू नको, पा..." प्रभाताईंच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि अर्ध्यातच थांबलं.

ऊर्मिला पूर्ण वाकली. तिनं दोन्ही हातांनी सासूच्या पायांना स्पर्श केला आणि डोकं टेकवलं. प्रभाताईंनी हात ठेवला तो तिच्या डोक्यावर नाही, पाठीवर. सहा वर्षं जिच्याबद्दल त्या अख्ख्या गोतावळ्याला सांगत आल्या होत्या, त्या पाठीला त्यांनी आज पहिल्यांदाच हात लावला होता. चांगली मजबूत होती.

"डबा मी करते उद्या," त्या म्हणाल्या. "आणि किल्ली मिळाली की आधी मला फोन कर. मग मी वन्संना करते."